मुले येण्याआधीचे घर



या व्याख्यानमालेची कार्यक्रमपत्रिका हाती आली तेव्हा माझ्या एका जुन्या मित्राने ती वाचून मला विचारले, "काल परराष्ट्रधोरण, उद्या संतवाङ्मय, आणि या दोहोंच्या मध्ये तू लोकांना घर झाडायला सांगणार होय?" मी म्हटले, होय, तेच सांगणार. नाहीतरी वसंतातल्या आपल्या व्याख्यानमाला भरतात त्या नेमक्या मुलांच्या परीक्षा आटोपून सुटी लागायच्या सुमारास. म्हणजे ज्या दिवसांत घराला हात लावायचा, त्याच दिवसांत आपण पुरुषमंडळी संध्याकाळी इथे येऊन बसतो; आणि घरी परततो तेव्हा माळ्यावरच्या गाद्या खाली आलेल्या असतात, पंख्याची पाती पुसलेली असतात, लोणच्याच्या कैऱ्या फोडून झालेल्या असतात. हे सारे कोणी केले, हे आपण विचारीत नाही. मीही माझ्या वयाची पन्नास वर्षे उलटेपर्यंत विचारले नव्हते. तेव्हा आजचे माझे बोलणे उपदेशाचे नाही, थोडेसे कबुलीजबाबाचे आहे, एवढे आरंभीच सांगून टाकतो.

मी बोलणार आहे ते कोकणातल्या घराविषयी, कारण मला ठाऊक आहे ते तेवढेच. आपल्यापैकी कोणाचे घर देशावर असेल, कोणाचे खानदेशात, वऱ्हाडात असेल. तिकडचा उन्हाळा निराळा. तिकडे माठातले पाणी गार होते आणि वाळ्याच्या पडद्यावर पाणी मारले की खोली निवते, कारण हवा कोरडी असते आणि पाणी भराभर उडून जाताना उष्णता घेऊन जाते. आमच्याकडे हवाच ओली. माठ आपला नावाला घामाघूम होऊन बसतो आणि आपणही. तेव्हा तपशील ज्याने त्याने आपापल्या मुलखाप्रमाणे बदलून घ्यावा.

आमचे घर रत्नागिरी जिल्ह्यात, खाडीपासून कोसभर आत. जांभ्या चिऱ्याच्या भिंती, वर मंगळुरी कौले, पुढे खळे, मग पडवी, ओटी, माजघर, मागे न्हाणी आणि विहीर. माझ्या लहानपणी मुंबईची मंडळी बोटीने बंदराला उतरत आणि तिथून बैलगाडीने येत. पुढे एस.टी. आली. १९९८ साली कोकण रेल्वे पुरी झाली, आणि आता तर माझे पुतणे रात्री गाडीत बसतात नि सकाळच्या चहाला ओटीवर हजर. येण्याची साधने बदलली, पण एक गोष्ट बदलली नाही. मे महिन्यात त्या घरात बारा-चौदा मुले आणि त्यांच्या आया-मावश्या मिळून वीस-बावीस पाने उठतात. आणि एरवीचे अकरा महिने त्या घरात एकटी माझी काकू राहत असे.

आम्ही पोचायचो तेव्हा खळे सारवलेले असे. मांडवावर झावळ्या असत. न्हाणीत चुलीवर हंडा तापत असे. ओटीवर पाण्याची कळशी आणि तिच्या शेजारी गुळाचा डबा. आम्हांला वाटे, कोकणातले घर मे महिन्यात असेच असते. आंब्याला जसा आपोआप पाड लागतो तसे घरही आपोआप सारवले जाते. काकूला मी एकदा सहज म्हणालो होतो, "काकू, तुझं बरं आहे, आम्ही आलो की तुलाही सुटीच." ती चुलीत लाकूड सारीत होती. वळूनही न पाहता ती म्हणाली, "सुटी तुमची रे. माझा हंगाम." मी हसलो. मला ते वाक्य विनोदाचे वाटले होते.

२०११ सालच्या मार्चमध्ये काकू न्हाणीच्या पायरीवर घसरली आणि तिचा उजवा हात मनगटाशी मोडला. हाडाला प्लास्टर घातले, सहा आठवडे हात हलवायचा नाही असे डॉक्टरांनी बजावले. घरात एकच प्रश्न उभा राहिला की यंदा मुलांना पाठवायचे की नाही. मी नुकताच नोकरीतून मोकळा झालो होतो. मोठ्या ऐटीत सांगितले की मी पंधरा दिवस आधी जातो आणि घर लावून ठेवतो, त्यात काय आहे! गेलो. काकूने डाव्या हाताने फडताळातून एक वही काढली आणि माझ्यापुढे ठेवली. शाळकरी मुलाची जुनी वही, मागच्या पुठ्ठ्यावर पाढे छापलेले. आत काकूच्या अक्षरात ओळींवर ओळी. "माळ्याची शिडी काढून माजघरात आडवी." "पाट्याजवळची कोयती वर." "काजूच्या बिया भाजायची जागा खळ्याच्या कडेला, वारा बघून." "दोर नवा. जुना तोडून टाकणे, ठेवू नये." अशा शंभरएक ओळी असतील.

मी ती वही वाचून मनात म्हणालो, म्हातारे माणूस, एकटे राहते, वेळ जात नाही, लिहीत बसते. चार-पाच ठळक कामे मी निवडली, बाकीची सोडून दिली. कार्यालयात तीस वर्षे हेच केले होते; कोणत्याही टिपणातल्या चार ओळी महत्त्वाच्या असतात आणि उरलेल्या लिहिणाऱ्याच्या समाधानासाठी असतात, असा माझा समज होता.

आता त्या वहीतली पहिली ओळ घ्या. "कौले एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात." आमच्याकडे कौले परतायची ती पावसाच्या तोंडावर, मेअखेरीस. फुटकी बदलायची, सरकलेली बसवायची, मधला पाचोळा काढायचा. वानरे माळभर नाचतात, त्यांना कौलांची किंमत ठाऊक नसते. मग काकूने एप्रिल का लिहिला? मी तिला विचारले. ती म्हणाली, "चौऱ्याहत्तर साली मुले आलेली असताना गडी वर चढला होता. खाली पाळणा टांगलेला. एक कौल सुटलं ते पाळण्याच्या दोरीवर आपटलं. पोराला काही झालं नाही. पण तेव्हापासून एप्रिल." ते पोर म्हणजे माझा धाकटा भाऊ. ही गोष्ट त्यालाही कोणी सांगितली नव्हती, मलाही नाही.

मग मी एकेक ओळ विचारू लागलो. शिडी का आडवी? ऐंशी साली आतेबहिणीचा मुलगा वरून पडला म्हणून. काजूच्या बिया वारा बघून का? काजूच्या टरफलात जे तेल असते त्याने कातडी भाजते, आणि भाजताना त्याचे शिंतोडे उडतात, धूर डोळ्यांत जातो. कोणाच्या तरी गालावर त्याचा डाग अजून आहे. जुना दोर का तोडायचा? कारण विहिरीचा कुजलेला दोर अडगळीत ठेवला की मुले त्याचा झोका बांधतात, आणि त्र्याऐंशी साली तो झोका तुटून एकाचे गळपट्टीचे हाड मोडले होते. तीस-चाळीस वर्षांत त्या घरात जे जे पडले, कापले, भाजले, त्या सर्वांची नोंद त्या वहीत होती. फक्त नावे गाळलेली होती आणि उपाय तेवढा लिहिलेला होता. आम्ही त्या घराला 'सुरक्षित' म्हणत आलो. मुलांना तिकडे पाठवले की काळजी नाही, असे आमच्या घरातल्या तीन पिढ्या म्हणत आल्या. ते घर मुळीच सुरक्षित नव्हते. उघडी विहीर, कोयते, चुली, सापविंचू, उंच माळे. मुलाला धोका होईल अशी एकही वस्तू तिथे कमी नव्हती. काळजी नव्हती ती आम्हांला, कारण ती सगळी एका बाईने आपल्याकडे घेतली होती.

पाण्याचेही तसेच. रत्नागिरीकडे वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो हे ऐकून देशावरच्या माणसाला हेवा वाटतो. पण जांभा हा दगड छिद्रांचा. त्यातून पाणी जसे भराभर मुरते तसेच भराभर निथळून जाते, आणि आमच्या नद्या तर सह्याद्रीवरून उतरल्या की काही तासांत समुद्राला मिळतात. त्यामुळे चार महिने पाण्यात बुडालेला हा मुलूख मेमध्ये कळशी-कळशीला महाग होतो. काकूच्या वहीत "माणशी पाच कळश्या, न्हाण धरून" असा हिशेब होता. मुलांनी अंघोळ विहिरीच्या काठी नव्हे, माडाच्या आळ्यात उभे राहून करायची. न्हाणीचे पाणी पन्हळीने केळीला. मुलांना यात शिस्त वाटत नसे, गंमत वाटे. कोणता माड कोणाचा हे ठरलेले असे, आणि आपला माड वाळू नये म्हणून एरवी अंघोळीला पळणारी मुले दोनदा अंघोळ करायला मागत. तेव्हा तो हिशेबही चुके, ते सोडा.

विहिरीविषयी दोन शब्द अधिक बोलले पाहिजेत. मे महिन्यात वर्तमानपत्र उघडावे आणि सुटीला गेलेले मूल विहिरीत, नदीच्या डोहात, समुद्रात बुडाल्याची बातमी नाही असा आठवडा सापडणे कठीण. पूर्वी आम्हांला पाठीला सुका भोपळा किंवा पत्र्याचा रिकामा डबा बांधून विहिरीत ढकलीत आणि वर दोर धरून एक गडी उभा असे. ती पद्धत रांगडी होती, पण मुलाला आठ दिवसांत पोहता येत असे. आता शहरातल्या मुलाला तलावाच्या निळ्या, उथळ पाण्यात पोहता येते. आपल्याला पोहता येते एवढे त्याला माहीत असते. विहिरीचे पाणी खोल आणि गार, कडेला पकडायला काही नाही, शेवाळलेली पायरी. हा फरक त्याला माहीत नसतो. दुसरे म्हणजे पंप. पंप बसल्यापासून रहाट कोणी फिरवीत नाही. दोर वर्षभर ऊनपाऊस खात लोंबत राहतो. मग एखाद्या दुपारी वीज जाते, मोठी माणसे वामकुक्षी घेत असतात, आणि दहा वर्षांचा शूर मुलगा सर्वांसाठी पाणी काढायला जातो. विहिरीला कंबरेइतका कठडा, वर जाळी, आणि नवा दोर. या तिन्ही गोष्टींचा खर्च एका कुटुंबाच्या मुंबईहून येण्याजाण्याच्या खर्चाहून फार नाही.

आता मी जी ओळ गाळली तिच्याकडे येतो. ती अशी होती: "जळण न्हाणीमागून हलवणे. मुलं यायच्या आत. काठीने." मी ही ओळ वाचली होती. पण लाकडांची ती रास मोठी होती, गडी मिळत नव्हता, आणि लाकडे न्हाणीमागे असणे सोयीचेच आहे, उगाच कशाला हलवायची, असे मला वाटले. मुले आली. चौथ्या दिवशी सकाळी माझ्या पुतण्याची मुलगी, वय वर्षे नऊ, न्हाणीची चूल पेटवायची म्हणून रासेतले लाकूड उचलायला गेली आणि किंचाळली. विंचू होता. लहानसा, तांबूस.

आपल्यापैकी ज्यांचा कोकणाशी संबंध आहे त्यांना ठाऊक असेल. ज्यांचा नाही त्यांच्यासाठी सांगतो. मोठा काळा विंचू दिसायला भयंकर असतो, पण जीवघेणा असतो तो हा लहान तांबूस. त्याच्या विषात कळ हा खरा धोका नाही. किंबहुना कळ कमी असूनही विष अंगात भिनलेले असू शकते. हातपाय गार पडणे, दरदरून घाम फुटणे, उलट्या होणे, ही लक्षणे खरी वाईट, कारण त्या वेळी हृदयावर भार येत असतो आणि पुढे फुप्फुसांत पाणी साचू लागते. पूर्वी कोकणात अशी मुले डोळ्यांदेखत जात आणि डॉक्टरांनाही इलाज नसे. महाडजवळच्या बिरवाडीच्या आरोग्य केंद्रात काम करणाऱ्या डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी हे रोगी रात्ररात्र त्यांच्या उशाशी बसून पाहिले, लक्षणांची नोंद केली, आणि रक्तदाबावरचे प्राझोसिन नावाचे एक साधे औषध या विषाच्या परिणामांवर लागू पडते हे दाखवून दिले. त्यांचे हे लेखन 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात १९८२ आणि १९८६ साली प्रसिद्ध झाले. त्यानंतर विंचूदंशाने होणारे मृत्यू फार मोठ्या प्रमाणात घटले. २०२२ साली त्यांना पद्मश्री मिळाली. खेड्यातल्या एका डॉक्टरने खेड्यातल्याच रोग्यांकडे बघून जगाला शिकवावे, असे हे काम आहे, आणि त्याची माहिती आपल्या क्रिकेटपटूंच्या माहितीच्या शंभरांश तरी आपल्याला असावी.

त्या सकाळी मला यातले काहीही माहीत नव्हते. पोरीचे हात गार पडत चालले होते, कपाळावर घामाचे थेंब, एकदा उलटी झाली. शेजारचे एक गृहस्थ पलीकडच्या वाडीतल्या मांत्रिकाला बोलवू म्हणत होते, कोणी कांदा चोळा म्हणत होते, मी नुसता उभा होतो. काकू गळ्यात हात अडकवलेला तशीच बाहेर आली आणि म्हणाली, "रिक्षा आणा. मंत्र वाटेत म्हणा." बावीस किलोमीटरवर सरकारी रुग्णालय होते. तिथल्या तरुण डॉक्टरांनी पोरीला बघताच गोळी दिली, हातापायाला हात लावून लावून दर थोड्या वेळाने पाहत राहिले. दुपारनंतर तिचे हात ऊबदार झाले. दोन रात्री ठेवून घेतले, तिसऱ्या दिवशी घरी. आज ती मुलगी नोकरी करते आहे. सांगायचे ते हे की लाकडाची रास हलवायला मला तीन तास लागले असते.

त्या डॉक्टरांनीच जाताना मला विचारले, मुले निजतात कोठे? म्हटले, ओटीवर, जमिनीवर ओळीने. मच्छरदाणी? डास फार नसतात, म्हणून काढली नव्हती. तेव्हा त्यांनी मण्याराची गोष्ट सांगितली. हा साप रात्री फिरतो, घरात शिरतो, जमिनीवर निजलेल्या माणसाला चावतो, आणि त्याचा दंश पुष्कळदा जाणवतही नाही. पहाटे पोटात दुखते म्हणून मूल उठते आणि घरचे अजीर्णाचे औषध देतात. मच्छरदाणी गादीखाली चहूबाजूंनी खोचली तर तेवढे संकट टळते. मी घरी येऊन वही पाहिली. "मच्छरदाण्या सोळा, भोके शिवणे, डास असोत नसोत." काकूला मण्याराचे कारण ठाऊक होते की नव्हते, मी विचारले नाही. त्या दिवसानंतर मी कारणे विचारणे सोडून दिले आणि ओळी पाळू लागलो.

बाकीची कामे भराभर सांगतो. गाद्या-गोधड्या दोन उन्हे खाव्यात, एक पुरे नाही. बंद खोली उघडली की लगेच आत शिरू नये. दारेखिडक्या उघडून तासभर जाऊ द्यावा, वाशांना गांधीलमाश्यांचे पोळे आहे का ते खालून पाहावे. उंदरांनी विजेच्या तारा कुरतडलेल्या असतात, तेव्हा वायरमनला एकदा फिरवावे आणि गळती होताच वीज तोडणारा खटका बसवून घ्यावा. वीस माणसांचा भात शिजेल अशी भांडी शहरात कोणाकडे नसतात, गावच्या घरात असतात, पण ती पितळेची. त्यांना कल्हई नसेल तर आमसुलाचे सार नि चिंचेची आमटी त्यांत कळकते आणि साऱ्या घराला मळमळते. कल्हईवाला पूर्वी दारोदार ओरडत यायचा; भाता, नवसागराचा धूर आणि काळ्या पातेल्यात एकदम उमटणारी चांदी पाहायला आम्ही शाळा बुडवीत असू. आता त्याला तालुक्याच्या गावात शोधीत जावे लागते. नाही सापडला तर स्टीलची पातेली भाड्याने आणावीत. जुन्याचा हट्ट पोटात जाऊ देऊ नये.

पण या वहीतला सर्वांत नवलाचा भाग शेवटच्या पानावर होता. त्याला काकूने मथळा दिला होता, "ठेवायचे". म्हणजे जी कामे करायची नाहीत ती. "पूर्वेकडच्या चार झाडांखालचे काजू वेचू नयेत." "झोपाळा बांधू नये, कड्या तेवढ्या तपासणे." "फणसाखालची पाने झाडू नयेत." "पुस्तकांची पेटी माळ्यावरच." "आढी घालून ठेवणे, निवडू नये." मी हे पान पहिल्या वर्षी आळसाचे पान समजलो होतो. मी विचार केला, काकू थकते, म्हणून सोडून देते. आपण आहोत तर हेही करून टाकू. म्हणून मी काजू वेचले, झोपाळा बांधला, पाने झाडून जाळली. पुस्तकांची पेटी खाली आणून, 'चांदोबा'चे जुने अंक, 'किशोर'चे १९७१ पासूनचे जमतील तेवढे अंक, भा. रा. भागवतांचा फास्टर फेणे, सारे पुसून ओटीवरच्या फळीवर ओळीने लावले आणि वर कागदावर मोठ्या अक्षरांत 'बालवाचनालय' असे लिहिले. एकाही मुलाने त्या फळीला हात लावला नाही. तिसऱ्या दिवशी मुले ओटीवर बसून म्हणत होती, "आता काय करायचं?" सगळे होऊन गेलेले होते. घर लख्ख होते आणि त्यात त्यांना करण्यासारखे काही उरले नव्हते.

पुढच्या वर्षी पेटी परत माळ्यावर चढवली, वर जुने पोते टाकले. शिडी माजघरात आडवी. दुसऱ्याच दिवशी दुपारी माळ्यावरून कुजबुज ऐकू आली. शिडी कोणी लावली, पोते कोणी काढले, मी चौकशी केली नाही. शिडीचा पाय मात्र धरून बसलो. फणसाची पाने झाडली नव्हती, त्यांचे कोणी बैल केले, कोणी पान दुमडून त्याचा चमचा केला आणि सकाळची पेज त्याने खाल्ली. आढी म्हणजे पेंढ्यात घातलेले आंबे. ते रोज उलटेपालटे करून पिकलेला निवडावा लागतो, आणि कोणता पिकला हे नाकाने ओळखावे लागते. त्यातला हापूस मोजून विकायचा असतो, रायवळ मुलांचा. सात वर्षांचा मुलगा आंबा हुंगून "उद्या" असे सांगतो आणि तो आंबा खरोखर उद्या पिकतो, तेव्हा त्याच्या तोंडावर जे दिसते ते मी एरवी फार थोड्या ठिकाणी पाहिले आहे.

इथे कोणी म्हणेल, आणि मोबाइलचे काय? मोबाइल येतात. आमच्या घरात त्याला रेघ पोचते ती फक्त खळ्याच्या टोकाला, विहिरीच्या वाटेवरच्या कातळावर. मुले तिथे जाऊन उभी राहतात, मोठी माणसे तर अधिक. मी त्याच्यावर व्याख्यान देत नाही; दिले होते, उपयोग झाला नाही. ज्या घरात सगळे करून ठेवलेले असते तिथे त्या कातळावर गर्दी अधिक असते, एवढे माझे निरीक्षण आहे.

आता ज्या गोष्टीसाठी मी हा विषय घेतला ती बोलतो. त्या वर्षी पंधरा दिवस मी ते काम केले, अर्धेमुर्धे, चुकतमाकत, हाताशी गडी आणि खिशात पैसा असताना. माझी पाठ धरली. वजन तीन किलो उतरले. मुले आल्यावर तर पुढचे काम सुरू झाले. वीस पाने दोन वेळा, मधले खाणे, आणि त्याच महिन्यात आगोटीची बेगमी. पापड, सांडगे, आमसुले, फणसपोळी, आंब्याची साठे, पावसाळ्याचे जळण. कोकणातल्या बाईचा मे महिना हा वर्षातला सर्वांत कष्टाचा महिना, आणि नेमक्या त्याच महिन्याला आपण सुटी म्हणतो. माहेरवाशिणीने बसून खावे हे योग्यच. पण ती ज्या घरी बसून खाते तिथली वहिनी कोणाची तरी माहेरवाशीणच असते, आणि तिला तिच्या माहेरी जायला मे महिना कधी मिळालेला नसतो. काकूचे माहेर आमच्या घरापासून नऊ कोसांवर. लग्नानंतर मे महिन्यात ती तिथे किती वेळा गेली, हे मी तिला विचारले. तिने बोटे मोजायला सुरुवात केली आणि मग हात खाली ठेवला. एकदाही नाही.

२०१२ पासून आमच्याकडे एक ठराव झाला. ठराव म्हणतो, पण भांडण होऊनच झाला. घर लावायला पुरुषांनी पाळीपाळीने आधी जायचे. स्वयंपाकाला मदतनीस बाई पगार देऊन ठेवायची आणि पगार सर्व बिऱ्हाडांत वाटून घ्यायचा. आणि मेच्या पहिल्या आठ दिवसांत काकूला तिच्या भावाकडे नेऊन सोडायचे. माझ्या एका भावाला पगाराचा भाग पटेना. "घरच्या घरात पैसे कसले?" असे तो म्हणाला. तो पहिल्या पाळीला गेला, आठ दिवस राहिला, आणि परत आल्यावर त्याने आपला वाटा न मागता दिला. काकू पहिल्या वर्षी भावाकडे तीन दिवस राहिली आणि चौथ्या दिवशी रिक्षाने परत आली. मच्छरदाण्या नीट खोचल्या आहेत की नाही ते तिला पाहायचे होते. दुसऱ्या वर्षी मात्र पुरे आठ दिवस राहिली.

२०१८ साली काकू गेली. त्यानंतर ते घर वर्षभर बंद असते. आमच्या वाडीतल्या अठरा घरांपैकी अकरा आता अशीच मेपुरती उघडतात, आणि काही तर मेमध्येही नाही. बंद घर लावायला पंधरा दिवस पुरत नाहीत, वीस लागतात. वही माझ्याकडे आहे. तिच्यात आता तीन-चार हातांची अक्षरे आहेत. विंचवाच्या ओळीखाली त्या मुलीने स्वतः, मोठी झाल्यावर, रुग्णालयाचा रस्ता आणि अंतर लिहून ठेवले आहे.

यंदा पहिली पाळी माझी. परवा सकाळच्या गाडीने निघायचे आहे, मुले दोन मे रोजी येतात. कौले झाली, गड्याचा निरोप आला आहे. दोर तेवढा अजून घ्यायचा राहिला, आणि काथ्याचा चांगला दोर ठेवणारे आपल्या गावात एकच दुकान आहे, ते साडेआठला बंद होते. आता आठ वाजून पाच मिनिटे झाली आहेत. तेव्हा अध्यक्षमहाराजांची आणि आपली परवानगी घेतो.